अंतर-आळ

गुरुवार, ५ नोव्हेंबर

‘निजलेलं जहाज’ मालिकेच्या लेखकांस,

नमस्कार. मालिकांना पत्रं लिहिणारी माणसं मला आजवर रिकामटेकडी वाटत आली आहेत, त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. माझं चष्म्याचं दुकान आहे. वडील आणि मी दुकानाच्या वरच राहतो आणि दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला तुमची मालिका बघतो. म्हणजे मी बघते, ते ऐकतात. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. जन्मभर लोकांना चष्मे दिले आणि त्यांच्या दुखण्यावर मात्र चष्मा नाही. म्हणून पडद्यावर काय चाललंय ते मी त्यांना सांगत असते. ‘आता निळा दिवा लागला. आता तो ओळीतून चाललाय. दोन्ही बाजूंना माणसं निजलीत, काचेखाली.’ असं.

दोनशे वर्षांचा प्रवास, चारशे माणसं निजलेली आणि दरवर्षी त्यांतलं एकच जण जागं, ही कल्पना मला पहिल्या भागापासून आवडली. जागणाऱ्याला तुम्ही ‘जागल्या’ म्हणता, तेही आवडलं. बुधवारी मालिका संपली की खोलीत बराच वेळ तो निळा उजेड राहिल्यासारखा वाटतो. खाली दुकानात उतरले तर ट्रेमध्ये ओळीने ठेवलेले चष्मे दिसतात, न्यायला कोणी न आलेले. मी उगाचच दबक्या पावलांनी चालते.

काल अकरावा भाग झाला. दिवे दुरुस्त करणारा जागल्या बहिणीचे निरोप ऐकत बसतो. जहाजाचा वेग असा की त्याचं एक वर्ष होईपर्यंत तिकडे पृथ्वीवर चाळीस वर्षं उलटतात. पहिल्या निरोपात बहीण तरुण, शेवटच्यात म्हातारी. त्या नटीने आवाज तोच ठेवून फक्त दम वाढवलाय, छान केलंय. आणि शेवटी ती म्हणते, ‘एक सांगायचं राहिलं,’ आणि पुढे नुसती खरखर.

आता तक्रार. जागल्याच्या चष्म्याची काडी वाकडी होते तेव्हा तो ती गरम वाळूच्या भांड्यात धरून सरळ करतो. काडी धरायची पद्धत अगदी बरोबर, आमच्या दुकानात धरतात तश्शी. पण अहो, जहाजावर वाळू आणली कोणी? आणि तिथे वजन नसतं ना, मग ती भांड्यात राहते कशी? सगळीकडे उधळेल आणि निजलेल्यांच्या नाकातोंडात जाईल.

दुसरं म्हणजे एक वाक्य. तो खिडकीपाशी जातो, बाहेर सगळा काळोख, आणि म्हणतो, ‘लहानपणी वाटायचं, इतक्या लांब आलं की आळ पोचत नाही. अंतर-आळ. पण पोचतो. सगळ्यांच्या आधी तोच पोचतो.’ दुकानात येणाऱ्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, जुन्या कवितेतली ओळ असेल. बेकरीवाला म्हणाला, ‘अंतराळ’ म्हणताना नट अडखळला आणि यांनी तसंच ठेवलं. हे वाक्य कोणी लिहिलं, एवढंच मला विचारायचं आहे. शेवटच्या पाट्यांमध्ये नुसतं ‘लेखन : लेखकमंडळ’ येतं. केवळ भाषेच्या दृष्टीने कुतूहल, बाकी काही नाही.

त्या वाक्याला मी सांगायची थांबले. वडील म्हणाले, ‘का गं, काय झालं?’ मी म्हटलं, काही नाही, पडदा काळा झालाय. पडदा काळा झाला नव्हता.

बहिणीचं काय सांगायचं राहिलं होतं ते पुढे येणार असेल तर बरं होईल. इथे त्यावरून दोन तट पडलेत.

कळावं म्हणण्याइतकं मलाच काही कळलेलं नाही.

एक प्रेक्षक


शनिवार, १४ नोव्हेंबर

धाकट्या,

तुमच्या कार्यालयातून छापील कार्ड आलं. पुढे जहाज, मागे ‘आपलं प्रेम हीच आमची ऊर्जा’. खाली पेनाने बारीक अक्षरात : ‘वाळूची तक्रार संबंधितांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या खिडकीतून फक्त वाहनतळ दिसतो. – टपाल उघडणारी.’

म्हणजे ते वाचणारा तूच.

टपाल उघडणाऱ्या बाई, तुमचे आभार. हे पत्रही तुम्ही उघडणार, हे मला माहीत आहे. उघडा. पण एवढं त्याच टेबलावर ठेवा.

चौदा वर्षांत तुझा पत्ता मी शोधला नाही असं नाही. शोधला, आणि मिळाल्यावर पाकिटावर लिहायला हात धजला नाही. तू ते शहर सोडलंस, मग तोही पत्ता गेला. आणि आता बुधवारी संध्याकाळी, माझ्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट, आणि एक परका नट तोंड उघडतो आणि त्यातून तू बोलतोस.

काउंटरखाली आपली शाळा भरायची ते आठवतं ना? आई गेली त्यानंतरची वर्षं. वर अण्णा गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावायचे, खाली मी बाई आणि तू अख्खा वर्ग. तू सात वर्षांचा. शुद्धलेखनात मी ‘अंतराळ’ शब्द घातला. तू लिहिलंस ‘अंतर आळ’, मधे चांगली बोटभर जागा सोडून. मी फुली मारली तर तू ऐकेनास. ‘अंतर म्हणजे लांब. आणि आळ म्हणजे आपण केलं नाही तरी आपलंच नाव येतं ते.’ मी विचारलं, मग दोन्ही मिळून काय? तू म्हणालास, ‘इतकं लांब, की तिथपर्यंत आळ येतच नाही.’ त्या आठवड्यात शाळेत कोणाची तरी काच फुटली होती आणि तुझं नाव आलं होतं. मी फुली खोडली आणि दहापैकी दहा दिले. अण्णांना सांगितलं नाही, ते ऱ्हस्व-दीर्घावरूनसुद्धा जेवण सोडणारे. जगात दोघांनाच ठाऊक असलेला शब्द, तू लाखभर लोकांना ऐकवलास.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून पडले की डोळा लागतो आणि मी तुझ्या जहाजावर असते. लांबच लांब ओळ, काचेखाली आपलीच गिऱ्हाइकं निजलेली. मी एकेकाच्या नाकावर चष्मा बसवत जाते, कानामागे काडी नीट करते, कोणी जागं होत नाही. ओळीच्या टोकाला तू पाठमोरा उभा असतोस. मी चालते, पण मधे आणखी एक चष्मा बसवायचा राहिलेला असतो. मग खालून कोणीतरी शटर वाजवतं.

अण्णा बरे आहेत. ऐकू खणखणीत येतं. तुझं नाव काढत नाहीत, पण एकदा म्हणाले, ‘त्या दिवेवाल्याचं बोलणं ओळखीचं वाटतं.’ मी म्हटलं, नट मोठा आहे, सगळीकडे असतो.

त्या दिवसाबद्दल काय लिहू? झालं ते वाईट झालं. दुकानात गर्दी, सगळ्यांचीच घाई. चूक कोणा एकाची म्हणता येणार नाही. आता उगाळून काय मिळणार? आपण दोघंही तेव्हा लहान होतो. मी सत्तावीस म्हणजे काही फार लहान नव्हे, पण तरी.

तब्येतीला जप. वेळेवर जेवत जा.

ताई


गुरुवार, १९ नोव्हेंबर

धाकट्या,

काल तेरावा भाग. मागच्या आठवड्यात तुम्ही भलत्याच जागल्याची गोष्ट सांगून आम्हाला ताटकळत ठेवलंत. काल मात्र दिवेवाला सात महिने खपून ती खरखर साफ करतो. मी अण्णांना सांगत होते, ‘आता तो जमिनीवर बसलाय. आता डोळे मिटलेत. आता कळ दाबली.’ आणि बहिणीचा आवाज येतो : ‘एक सांगायचं राहिलं. वेळेवर जेवत जा.’

एवढंच. मग तो हसतो, काचेखाली जाऊन निजतो, आणि दिवे एकेक करत मालवतात.

आज दुकानात सगळे गहिवरलेले. बेकरीवाला म्हणाला, ‘बहीण असावी तर अशी. शेवटच्या श्वासाला भावाच्या जेवणाची काळजी.’ भूगोलाच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मग तो चष्मा मलाच पुसायला दिला. मला असा संताप आला होता की बेकरीवाल्याच्या काडीला मी नको इतका बाक दिला. तो कान चोळत म्हणाला, ‘जरा हळू, कान आहे तो.’

भाग तर कित्येक महिन्यांपूर्वी तयार झालेला असणार. म्हणजे माझं शनिवारचं पत्र बघून तू ते लिहिलं नाहीस. तुला आधीच माहीत होतं. तू मला इतक्या वर्षांनी एक वाक्य बोलायला दिलंस आणि तेही असं दिलंस. तुझ्या हातात सगळं होतं, तारे होते, दोनशे वर्षं होती, तरी ताई खरं बोलेल हे तुला लिहिताना सुचलं नाही. आणि मी घरबसल्या पत्राच्या शेवटी तेच लिहून पाठवलं, अक्षर न् अक्षर. तू मला पुरतं ओळखून आहेस. मला त्याची लाज वाटते.

म्हणून आता सांगते. टपाल उघडणाऱ्या बाई, तुम्हीही वाचा, कोणीतरी तिसऱ्याने वाचलेलं बरं. काही डोळ्यांच्या नंबराबरोबर एक कोन लिहिलेला असतो. काच फ्रेममध्ये कोणत्या दिशेने बसवायची ते त्यावरून ठरतं. तो चुकला की सरळ पायरी तिरकी दिसते. डॉक्टरांच्या कागदावरून दुकानाच्या चिठ्ठीवर नंबर मी उतरवायचे आणि चिठ्ठी बघून काच धाकटा घासायचा. अण्णांचा नियम होता, दुकानात आकडे मराठीच. आणि माझा एक हा नऊसारखा दिसतो. तू मला दहादा सांगितलं होतंस, ‘ताई, तुझ्या एकाला पोट सुटलंय, जरा बारीक कर त्याला.’ मी म्हणायचे, तुझे डोळे तपासून घे.

ग्रंथालयातल्या बाईंचा कोन दहा होता. मी दहा लिहिले. तुला नव्वद दिसले, कारण ते नव्वदच दिसत होते. चौथ्या दिवशी बाई ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या भाच्याने चष्मा आणून काउंटरवर ठेवला. अण्णांनी काच तपासली आणि म्हणाले, ‘नव्वद? चिठ्ठी काढा.’ ते भाच्याला पाणी द्यायला आत गेले. तेवढ्यात मी तारेला टोचलेली चिठ्ठी काढली, बघितली, आणि माझं मलाच नव्वद वाचता आलं. ती फाडून मी दुसरी लिहिली. एक काढला तो असा सरळ, असा बारीक, की शाळेतही कधी काढला नसेल. आणि तारेला टोचली.

तुला बोलावलं. तू चिठ्ठी बघितलीस आणि म्हणालास, ‘ही ती चिठ्ठी नाही.’ अण्णा म्हणाले, ‘म्हणजे ताईने बदलली?’ तू माझ्याकडे बघितलंस. मी काच पुसत होते. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते. तू किती वेळ बघत होतास मला माहीत नाही, मी वर पाहिलंच नाही. मग तू म्हणालास, ‘नाही. मीच चुकीचं वाचलं असेल.’

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला चौदा वर्षं समजावत आले. दहाच लिहिले होते ना मी, फक्त ते नव्वद दिसत होते. अशी पळवाट तुझ्या मालिकेतही नसेल.

अण्णांना यातलं काही माहीत नाही. ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘आमच्या ताईचा हात चुकत नाही.’ ग्रंथालयातल्या बाई काठी टेकत येतात आणि म्हणतात, चष्मा तुझ्याच हातचा हवा. अण्णांना सांगितलं तर मी त्यांची कोण उरेन, याची मला भीती वाटते. त्यांना दिसत नाही ते मी त्यांना सांगते, मला दुसरं काही नाही. पण तुझ्या माथ्यावरचा आळ त्यांच्या तोंडून आला, तो त्यांच्यासमोरच उतरायला हवा. रविवारी सांगते. इथे लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरायला जागा राहणार नाही.

ताई


सोमवार, ३० नोव्हेंबर

धाकट्या,

त्या रविवारी सांगितलं नाही. सर्दी झाल्याचं निमित्त केलं, आणि निमित्त केल्यावर खरंच शिंका यायला लागल्या. मंगळवारी दुपारी सांगितलं.

अण्णा खिडकीपाशी बसले होते, बाजूला बघत. आताशा ते समोरचं बघायला बाजूला बघतात, कडेने जेवढं गवसेल तेवढं. मी सगळं सांगितलं, चिठ्ठी फाडली तेही. मग म्हणाले, ‘मी त्याला काय म्हणालो होतो? तू सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.’

मी म्हटलं, ‘लोकांचे डोळे ज्याला सांभाळता येत नाहीत त्याने माझ्या डोळ्यांसमोर राहू नये, असं म्हणालात.’

‘आणि तो?’

‘दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.’

‘आणि तू काच पुसत होतीस,’ अण्णा म्हणाले. म्हणजे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. हे त्यांच्या मंगळवारी लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही. संध्याकाळी जेवले, पण ताट स्वतः वाढून घेतलं. आमटी चाचपडत घेतली, थोडी सांडली. मी पुसायला गेले तर म्हणाले, ‘राहू दे.’

बुधवारी साडेसातला मी नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसले. चौदावा भाग. गाणं संपलं आणि मी सवयीने सुरुवात केली, ‘निळा दिवा लागलाय, आता एक बाई...’ त्यांनी हात वर केला.

‘आज सांगू नकोस.’

मी म्हटलं, ‘अण्णा, नुसतं ऐकून कळायचं नाही. या भागात बोलणं कमी आहे.’

ते म्हणाले, ‘तू सांगशील तेच तिथे आहे, हे मला कसं कळणार?’

रागावून नाही म्हणाले. खरंच विचारलं त्यांनी, गिऱ्हाइकाला विचारतात तसं, हे अक्षर दिसतं का, हे दिसतं का. पडदा काळा झाला नव्हता हे मला आठवलं. मी गप्प बसले. पंचेचाळीस मिनिटं जहाजावर नुसते पावलांचे आवाज, कुठेतरी पाण्याची टपटप, मधे कोणीतरी दीर्घ श्वास घेतं. अण्णा त्या आवाजांकडे तोंड करून बसले होते. त्यांना काहीच कळत नव्हतं, आणि मला सगळं दिसत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अण्णा, बाई बागेत आलीय, जहाजात बाग आहे, सगळं हिरवं झालंय.

ग्रंथालयातल्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि काठी टेकत गेल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, ‘दुसरं दुकान चौकापलीकडे आहे. तेवढं चालवत नाही. दे तो.’ मी कोन त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला. ‘मोठ्याने वाचलंस म्हणून खरा थोडाच होतो,’ म्हणाल्या, पण घालून गेल्या.

आता मागणं. माफ कर असं मागत नाही, ते तुझं तू बघ. अण्णांना चित्र सांगणारं कोणी राहिलेलं नाही. भूगोलाच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला बघताना बोलवत नाही. बेकरीवाला शनिवारी दुसऱ्या एका मालिकेला येऊन बसला, पण तो चित्र सांगायचं सोडून त्यावर मत देतो. घरचा फोन नंबर बदललेला नाही. बुधवारी साडेसातला तू फोन कर आणि पडद्यावर काय चाललंय ते अण्णांना सांग. तूच लिहिलंयस, तुला बघायचीही गरज नाही. तुझं ते ऐकतील. मी खोलीत थांबणार नाही, जिन्यात जाऊन बसेन. तुला माझा आवाज ऐकावा लागणार नाही.

अण्णांना मी हे विचारलेलं नाही. त्यांना फक्त सांगितलं की तो दिवेवाला कोणी लिहिला. ते म्हणाले, ‘मला वाटलंच. वाळू.’

ताई


गुरुवार, १० डिसेंबर

धाकट्या,

मागच्या बुधवारी फोन वाजला नाही. तुला फोन करायला लिहिलंय एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, तू करशीलच असं म्हटलं नव्हतं, तरी सव्वासातला ते खुर्ची सरकवून फोनच्या शेजारी बसले. भाग सुरू झाला, संपला. ते म्हणाले, ‘टपाल उशिरा पोचत असेल.’ मी हो म्हटलं. मग त्यांनी फोन उचलून कानाला लावला, चालू आहे का ते बघायला, आणि परत ठेवला.

काल सातला मी रिसीव्हर नीट बसलाय ना ते दोनदा बघितलं. साडेसातला दोन मिनिटं कमी असताना घंटी झाली. मी उचलला नाही. अण्णांनी चाचपडत उचलला आणि ‘हॅलो’ म्हणाले. नुसते ऐकत होते आणि त्यांचा दुसरा हात खुर्चीच्या हातावर वर-खाली फिरत होता. मी दार लोटून जिन्यात जाऊन बसले.

जिन्यात दुकानाच्या पाटीचा उजेड येतो. आतून मालिकेचं गाणं, मग जहाजाचा तो घुमणारा आवाज. तुझा आवाज काही दारातून येत नव्हता. अण्णांचा येत होता. ‘कोणत्या बाजूला?’ ‘किती जण?’ ‘अरे, मग तिने दिवा का नाही लावला?’ मी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसले होते आणि मला जहाज दिसत होतं, न बघताच, ती ओळ, तो निळा उजेड. कोण निजलंय आणि कोण जागं, तेवढं काही कळत नव्हतं. मग अण्णा हसले. चौदा वर्षांत असे हसले नव्हते, पोटातून, खोकला येईपर्यंत. तू काय सांगितलंस मला माहीत नाही. त्या भागात हसण्यासारखं काही नसणार, तुमच्या जहाजावर कोणी हसत नाही.

भाग संपल्यावरही अर्धा तास तुम्ही बोलत होतात. मी आत आले तेव्हा त्यांनी फोन ठेवला होता आणि डोळे पुसले होते. मी विचारणार नव्हते. विचारलं.

‘माझ्याबद्दल काही म्हणाला?’

अण्णांना खोटं बोलता आलं असतं, आणि मला ते गोड वाटलं असतं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘पुढच्या बुधवारी करतो म्हणाला.’

मग म्हणाले, ‘मी त्याला म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, राहू दे, आता गाणं संपलं, ऐका.’ आणि ताट वाढायला मला हाक मारली, दोन आठवड्यांनंतर पहिल्यांदा.

पुढच्या बुधवारीही मी सव्वासातला फोन बघून ठेवेन आणि जिन्यात जाऊन बसेन. त्यांची खुर्ची फोनजवळ असेल. तू त्यांना तुझं सगळं आभाळ दाखव, त्यांना घाई नाही. मला जिन्यातून अण्णांचं हसू ऐकू येतं, आणि मला तेवढं पुरतं, असं मी इथे लिहिणार होते. वाक्य तयारही होतं. पण अशी वाक्यं मी पुष्कळ लिहिली.

पुरत नाही.

ताई